पीसी म्हातारा झालाय, ठेवू की काढू?

या वेळच्या पत्रांत आणि मेलमधे एकच सूर आहे. घरातला कॉम्प्युटर चालतोय पण रखडत रखडत, त्यात विंडोज 10 ची मुदत संपल्याची पाटी अधूनमधून स्क्रीनवर येते, मग घरातली पोरं म्हणतात फेका आणि मोठी माणसं म्हणतात चालतोय की अजून. चार पत्रं घेतलीत. पहिल्याला जागा फार गेलीय पण त्यात सगळंच आलंय, त्यामुळे बाकीच्यांनीही ते वाचाच.

प्रश्न : मी निवृत्त माध्यमिक शिक्षक, मुक्काम सांगली. 2012 साली पतपेढीचं कर्ज काढून असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला. आय-थ्री 2120, 4 जीबी रॅम, 500 जीबी हार्ड डिस्क. मधे दुकानदाराने विंडोज 10 घालून दिलं. आता बटण दाबून मी आंघोळीला जातो, पूजा करून येतो, तेव्हा कुठे तो तयार असतो. पुतण्या पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो काका, म्युझियममधे द्या. दुकानदाराने 45 हजारांचं कोटेशन दिलंय. माझं काम म्हणजे सोसायटीचा हिशोब एक्सेलमधे, थोडं यूट्यूब, बँकेचं स्टेटमेंट, आणि मुख्य म्हणजे गेली नऊ वर्षं मी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करतोय, तीनशे पानांच्या वर झालाय, सगळा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमधे. नव्या कॉम्प्युटरवर तो दिसेल का याचीच धास्ती वाटते. घ्यावा का नवा?

उत्तर : सर, पुढची ओळ वाचायच्या आधी उठा आणि कुलवृत्तांताची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. मी थांबते.

झालं? आता तीच फाइल स्वतःला मेल करा आणि पुतण्यालाही पाठवा, म्हणजे एक प्रत सांगलीत, एक पुण्यात आणि एक मेलबॉक्समधे राहील. तो म्युझियम म्हणतोय ना, मग म्युझियमचं एक काम त्यालाही करू दे.

हे घाईघाईने सांगायचं कारण म्हणजे मी स्वतः तोंडावर आपटलेय. 2016 मधे बाबांचा कॉम्प्युटर अधूनमधून आपोआप बंद पडायचा. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, गेलाय हे मला कळलं होतं, तेव्हा मी क्लास चालवायचे आणि वीसेक मशीन रोज हाताखालून जायची, पण घरचंच आहे म्हणून जवळच्या दुकानातून साडेचारशेचा लोकल एसएमपीएस आणून बसवला. अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी फट्‌ असा आवाज, जळका वास, आणि जाताना तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. भावाच्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. वहिनी अजून विषय निघाला की माझ्याकडे बघते. लोकांना बॅकअप शिकवायचे मी, आणि घरी हे. तर आधी फाइल, मग बाकीची चर्चा.

आता तुमचा प्रश्न. कॉम्प्युटर किती वर्षांचा झाला हे सगळे विचारतात, पण त्याला तसा अर्थ नाही. त्याच्यात पाच-सहा वेगवेगळ्या वयाच्या वस्तू असतात आणि बहुतेक वेळा त्यातली एकच दमलेली असते, ती बाकीच्यांना मागे ओढते. ती कुठली हे शोधायला दुकानदार लागत नाही. कॉम्प्युटर चालू करा, आंघोळीला न जाता समोर बसा, आणि डेस्कटॉप दिसायला लागला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. सीपीयू, मेमरी, डिस्क असे तीन रकाने दिसतील. माझी पैज आहे की तुमचा सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर आरामात बसलेला असेल आणि डिस्क 100 टक्क्यांवर चिकटून असेल, खालीच येणार नाही. म्हणजे तुमचा आय-थ्री रिकामा बसलाय आणि हार्ड डिस्ककडून फायली यायची वाट बघतोय.

हार्ड डिस्कमधे खरोखरच एक तबकडी फिरत असते, डेस्कटॉपमधे बहुतेक मिनिटाला 7200 वेळा, आणि तिच्यावर एक बारीक दांडी इकडून तिकडे पळत असते. तिला हव्या त्या जागी पोचायला आठ-दहा मिलिसेकंद लागतात, ऐकायला कमी वाटतं, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली लागतात आणि त्या तबकडीभर विखुरलेल्या असतात. चमचा, वाटी, झारा सगळं माळ्यावर ठेवलंय आणि प्रत्येक वस्तूसाठी स्टुलावर चढायचं, असा तो स्वयंपाक चाललेला असतो. एसएसडी ही नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात होतं. म्हणून नुसती डिस्क बदलली की पूजेएवढा वेळ लागणारं मशीन अर्ध्या-पाऊण मिनिटात उभं राहतं. हे मी शंभर वेळा बघितलंय आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा बघायला मजा येते.

दुकानात मागायची ती अडीच इंची साटा एसएसडी, 240 किंवा 256 जीबीची. तुम्हाला एवढी खूप झाली, जुनी 500 जीबीची डिस्क आत तशीच राहू दे, फोटो-बिटो ठेवायला. तुमच्या त्या आय-थ्रीबरोबर बहुतेक एच61 जातीचा मदरबोर्ड यायचा, त्याचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, 3 गिगाबिटचे, म्हणजे खोक्यावर सेकंदाला 550 एमबी लिहिलेलं असलं तरी तुमच्याकडे अडीचशे-पावणेतीनशेच्या पुढे जाणार नाही. म्हणून भारीतली एसएसडी गळ्यात मारू देऊ नका, साधी पण वॉरंटीवाली घ्या. एनव्हीएमई म्हणून एक च्युइंगगमच्या पट्टीएवढी येते ती तर नकोच, तुमच्या बोर्डावर तिला खाचच नाही.

रॅमचं म्हणाल तर 4 जीबीत आजचा ब्राउझर कण्हतो. यूट्यूबचं एक पान, बँकेचं एक पान, शेजारी एक्सेल, संपलं. तुमच्या बोर्डाला डीडीआर3 लागते, ती नवी घेण्यात अर्थ नाही, वापरलेली 4 जीबीची पट्टी स्वस्तात मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी करायला पुतण्याला पिटाळा. दोन्ही मिळून 8 जीबी झाली की तुमचं काम निभावतं. तत्पूर्वी एक बघा, सेटिंग्जमधे सिस्टिम, अबाउटमधे 32 बिट लिहिलंय की 64. दुकानदाराने 32 बिटवालं विंडोज घातलं असेल तर 4 जीबीच्या वरची रॅम ते वापरतच नाही, अशा वेळी एसएसडीवर 64 बिटवालं नव्याने घालावं लागेल. आणि हो, ते विंडोज पैसे देऊन घेतलेलं आहे का तेही विचारा. फुकटात अ‍ॅक्टिव्हेट करून देणाऱ्या क्रॅकमधेच कधी कधी व्हायरस बसलेला असतो, आणि त्याच कॉम्प्युटरवर आपण बँक उघडतो.

खोकं उघडलंच आहे तर आत बघा. प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, गॅलरीत न्या. तेरा-चौदा वर्षांत प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी झालेली असते, रंगाच्या कोरड्या ब्रशने काढायची, पंखा बोटाने धरून, गरगर फिरू न देता. एसएमपीएसच्या जाळीतून एकदा टॉर्च मारा, आपल्याकडे त्यात पाल मेलेली सापडणं ही काही थट्टा नाही, मी तीनदा काढलीय, पण एसएमपीएसचं झाकण स्वतः उघडायचं नाही, आत बराच वेळ करंट धरून ठेवणारे भाग असतात, ते काम मेकॅनिकचं. बोर्डावर उभ्या असलेल्या छोट्या नळकांड्या बघा, कपॅसिटर म्हणतात त्यांना. त्यांची डोकी सपाट असली तर ठीक. फुगलेली दिसली किंवा तपकिरी काहीतरी ओघळलेलं दिसलं तर मी वर लिहिलेलं सगळं रद्द, त्या मशीनवर एक रुपया घालू नका. रॅमच्या पट्टीची सोनेरी कडा पोरांच्या खोडरबरने हलकेच पुसून परत बसवा, अर्ध्याअधिक ‘सुरूच होत नाही, नुसतं टूं टूं वाजतं’ या तक्रारी या खोडरबराने मिटतात.

मग विंडोजचं काय. विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव सोय आहे, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे न भरता नोंदणी होते आणि सिक्युरिटी अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत येतात. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक असते, व्हर्जन मात्र 22 एच 2 पाहिजे. विंडोज 11 तुमच्या मशीनवर चालत नाही. त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. पिढी कशी ओळखायची तर चार आकडी नंबरातला पहिला आकडा, तुमचा 2120 म्हणजे दुसरी पिढी. आता दुकानदार म्हणेल मी घालून देतो, आणि घालून देईलही, अटी चुकवून घालायच्या युक्त्या आहेत. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मग ज्या कारणासाठी 11 घालायचं तेच कारण हातात राहत नाही. मी तरी सांगणार नाही घाला म्हणून.

त्यानंतर दोन रस्ते उरतात. एक म्हणजे लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारं दुसरं सॉफ्टवेअर. फुकट आहे, जुन्या मशीनवर बरं पळतं, आणि इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढा, आपलं विंडोज जागेवर. तुमच्या एक्सेलच्या फायली त्यातल्या लिबरऑफिसमधे उघडतात, साधी बेरीज-वजाबाकी आणि सूत्रं चालतात, मॅक्रो असतील तर गडबड होते. मराठी इन्स्क्रिप्ट की-बोर्ड त्यात आहे. आडवा येईल तो प्रिंटर. आपल्याकडे घरोघरी आणि झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा तो छोटा पांढरा लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवायचा म्हणजे नाकी नऊ येतात, एका काकूंकडे माझा अख्खा रविवार गेला आणि शेवटी काकूंनीच दया येऊन पोहे केले. तेव्हा पेनड्राइव्हवरून बघताना आधी प्रिंटर जोडून बघा. दुसरा रस्ता म्हणजे नेटचं सगळं फोनवर न्यायचं, बँक तर आधीच तिथे असेल, आणि या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढून तो फक्त टायपिंगला ठेवायचा. तुमच्यासाठी मला हा रस्ता जास्त बरा वाटतो, आणि त्याचं कारण कुलवृत्तांत.

आयएसएमचे ते जुने फाँट, योगेश, सुरेख वगैरे, हे सीडॅक या सरकारी संस्थेने पुण्यात केलेलं काम आणि त्या काळात त्यांच्याशिवाय मराठीचं पान हललं नसतं. पण त्यांची पद्धत अशी की कॉम्प्युटरला ते अक्षर मराठी आहे हे माहीतच नसतं. आत इंग्रजी आणि युरोपीय चिन्हांचे नंबर असतात आणि फाँट त्या नंबरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे काढून दाखवतो, काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धा म वेगळा. त्यामुळे फाँट नसलेल्या मशीनवर तुमच्या पणजोबांचं नाव पौंडाची चिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरं असं दिसेल. धास्ती बरोबर आहे. पण त्यासाठी नवा कॉम्प्युटर टाळायची गरज नाही. कंट्रोल पॅनलमधल्या फाँटच्या फोल्डरमधून त्या फाँटच्या फायली कॉपी करून नव्या मशीनवर टाकल्या की जुनी पानं दिसतात. आजच सगळ्या प्रकरणांची पीडीएफ करून ठेवा, पीडीएफच्या पोटात फाँट जातो, मग ती कुठेही तशीच दिसते.

आणि मग हळूहळू युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत आणा. कन्व्हर्टर मिळतात, पण ते गाळणीसारखे असतात, काही ना काही अडकतंच. सगळ्यात जास्त मार खातो तो आपला ऱ्य. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘वऱ्हाड’ ‘वर्हाड’ बनतं, आणि तुम्ही शिक्षक, तुमच्या डोळ्यांना तो रफार खुपणार. घराण्याच्या वृत्तांतात गावं आणि आडनावंच जास्त, म्हणजे कऱ्हाड, गोऱ्हे, खऱ्यांची वाडी, सगळीकडे नजर फिरवावी लागेल. रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व इकार कधी सुटा राहतो, आकडे बदलतात. सनावळ्या तर दोनदा तपासा, 1857 चं 1851 झालं तर एखाद्या पूर्वजाचा जन्म वडिलांच्या आधी व्हायचा. रोज पाच पानं म्हटली तर दोन-अडीच महिन्यांचं काम. जुन्या मशीनवर मूळ पान आणि शेजारी नव्यावर किंवा पुतण्याच्या लॅपटॉपवर युनिकोडवालं, असं समोरासमोर ठेवून वाचा. एवढ्यासाठी तो 2012 चा डबा अजून वर्षभर घरात पाहिजे.

तर माझा हिशोब असा. एसएसडी आणि वापरलेली रॅम एवढंच घाला, 45 हजार आत्ता घालू नका. एसएसडी वाया जात नाही, पुढे दुसऱ्या मशीनमधे जाते किंवा छोटी केस घेऊन पेनड्राइव्हसारखी वापरता येते, त्यामुळे खरा बुडीत खर्च त्या रॅमच्या पट्टीचा. कपॅसिटर फुगलेले निघाले किंवा बोर्ड गेला तरच नव्याचं बघा, आणि तेव्हाही नवंकोरं घ्यायचं की कंपन्यांतून लीजवरून परतलेलं वापरलेलं मशीन घ्यायचं हे मला परत लिहून विचारा. एक्सेल आणि टायपिंगला आठव्या-नवव्या पिढीचं वापरलेलं मशीन तुम्हाला दहा वर्षं पुरेल असं मी म्हणणार नाही, पण पाच पुरेल.

प्रश्न : 2019 चा लॅपटॉप आहे, आय-फाइव्ह 8250यू, 8 जीबी रॅम, 1 टीबी हार्ड डिस्क. बॅटरी वीस मिनिटं टिकते. मुलीला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळालीय, तिला ऐंशी हजारांचा गेमिंग लॅपटॉप हवाय, म्हणते सगळ्यांकडे आहे. रॅमचे भाव उतरेपर्यंत थांबावं असं मिस्टर म्हणतात. काय करू? (ठाणे)

उत्तर : ताई, तुमच्या लॅपटॉपला काहीही झालेलं नाही. 8250 म्हणजे आठवी पिढी, विंडोज 11 त्याच्यावर रीतसर चालतं, मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलंत तर तेही हेच सांगेल. टीपीएम बंद दाखवलं तर बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधे, चालू करायचं असतं, बहुतेक फक्त तेवढंच राहिलेलं असतं. हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला, वर सरांना लिहिलंय तेच कारण, उलट लॅपटॉपमधल्या तबकड्या मिनिटाला 5400 वेळाच फिरतात म्हणून तुम्हाला फरक जास्तच जाणवेल. बॅटरी ही चपलेसारखी झिजणारीच वस्तू, ती बदलली म्हणून लॅपटॉप म्हातारा ठरत नाही. फक्त एक आत्ताच बघा, टचपॅड वर आल्यासारखं वाटतंय का, टेबलावर ठेवला की डुगडुगतो का. तसं असेल तर बॅटरी फुगलीय, मग चार्जिंगला लावू नका आणि आज उद्या न करता काढून घ्या.

मुलीचं म्हणाल तर कॉलेज सुरू होऊ द्या. पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग याच लॅपटॉपवर सहज होईल. मेकॅनिकलला थ्रीडी डिझाइनची सॉफ्टवेअरं लागतात, कॉम्प्युटरवाल्यांना वेगळं, तिची ब्रँच काय आणि तिथले सीनियर प्रत्यक्षात काय वापरतात हे दोन महिन्यांत कळेल. गेमिंग लॅपटॉप दोन-अडीच किलोचा असतो, वर चार्जर विटेएवढा, आणि ठाण्याहून लोकलने सॅकमधे रोज न्यायचाय, हे तिला एकदा सकाळच्या गाडीत उभं राहून विचार करायला सांगा. मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली ताकद एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे वळवलीय, त्यामुळे 2025 च्या शेवटापासून साधी रॅम कडाडलीय आणि एसएसडीही तिच्या मागोमाग. पण ते भाव कधी उतरतील याच्या भरवशावर बसू नये, आमच्या लाइनमधे वाट बघून श्रीमंत झालेलं मी कोणी बघितलेलं नाही. तुम्हाला थांबायचं कारण आहे ते एवढंच की तुमच्या हातात चांगलं मशीन आधीच आहे.

प्रश्न : रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला की 2010 सालची तारीख दाखवतो. एकही वेबसाइट उघडत नाही, ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असं येतं. मेकॅनिक म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. (नागपूर)

उत्तर : दादा, मेकॅनिक बदला. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर2032, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातसुद्धा तीस-चाळीस रुपयांना मिळतो. वीज नसताना तारीख तोच सांभाळतो, तो संपला की कॉम्प्युटर आपल्या जन्माच्या वेळच्या तारखेला जाऊन बसतो. आणि वेबसाइटकडे एक सर्टिफिकेट असतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालेल असं, आता तुमच्या मशीनच्या हिशोबाने आज 2010 आहे म्हणजे ते सर्टिफिकेट अजून जन्माला यायचंय, मग ब्राउझर घाबरून दार लावून घेतो. प्लग काढा, बाजूची क्लिप नखाने दाबली की सेल टुणकन वर येतो, लिहिलेली बाजू वर ठेवून नवा बसवा, तारीख घाला. झालं.

प्रश्न : शेवटी नवा घेतलाच. जुन्याचे भंगारवाला तीनशे देतोय. मिसेस म्हणतात गावच्या शाळेला द्या, पुण्य लागेल. (डोंबिवली)

उत्तर : वहिनींचा हेतू चांगला आहे पण आधी स्वतःला विचारा, आपल्या मुलाने हा वापरला असता का? नसता, तर शाळेला देऊ नका. गावातल्या शाळांच्या एका खोलीत असे दान आलेले बंद मॉनिटर एकावर एक रचून ठेवलेले मी डोळ्यांनी बघितलेत, रजिस्टरला नोंद असते म्हणून टाकताही येत नाहीत, आणि ती खोली मुलांना बसायला मिळत नाही. धडधाकट असेल, विंडोज किंवा लिनक्स नीट घालून, की-बोर्ड-माउससकट, स्वतः नेऊन जोडून देणार असाल आणि बिघडल्यावर फोन उचलणार असाल तर जरूर द्या.

भंगारवाल्याला नको. तो वाईट म्हणून नाही, पण त्याच्याकडून पुढे जिथे जातं तिथे बोर्ड जाळून आणि अ‍ॅसिडमधे बुडवून तांबं-सोनं काढतात, तो धूर कोणाच्या तरी पोराच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यांच्याप्रमाणे नोंदणी असलेल्या रिसायकलरकडून जुन्या मालाचं रिसायकलिंग होईल हे बघायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. तुमच्या जुन्या मशीनवर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या कस्टमर केअरला फोन करून टेक-बॅक, म्हणजे जुनं परत घ्यायची सोय, विचारा, असेंबल्ड असेल तर नवा घेतलात त्या दुकानात विचारा. पालिकेचं किंवा एखाद्या संस्थेचं ई-कचरा गोळा करायचं शिबिर असतं तिथेही चालतं.

कोणालाही द्या, हार्ड डिस्क मात्र आधी काढून घ्या. डिलिट केलं, अगदी फॉरमॅट केलं तरी घाईघाईत केलेल्या फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं आत तशीच असतात, आणि फुकटात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने तुमची पॅन कार्डाची, आधारची कॉपी पुन्हा बाहेर येते. डिस्क चांगली असेल तर केसमधे घालून बॅकअपला वापरा, त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर चालवून बघा, निळं ‘गुड’ आलं तर ठीक, पिवळं ‘कॉशन’ आलं तर तिच्यावर भरवसा नको. टकटक आवाज करायला लागली असेल तर मग चॉइस नाही, तारेच्या आकाराच्या खाचेचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, झाकण काढा आणि तबकडीवर खिळ्याने आडवेउभे ओरखडे मारा. काही तबकड्या काचेच्या असतात, चष्मा लावा आणि वर्तमानपत्र पसरून करा. आत दोन वाकड्या लोखंडी पट्ट्यांना चिकटलेले लोहचुंबक निघतील, ते ठेवून घ्या, फ्रिजवर लाइटबिल लावायला इतके घट्ट दुसरे मिळत नाहीत, फक्त दोघांच्या मधे बोट येऊ देऊ नका.